वजनदार गिअर नॉब
वजनदार गिअर नॉब : मॅन्युअल मोटारीत गिअरच्या दांड्यावर कंपनीच्या मुठीऐवजी बसवलेली जड मूठ. कंपनीची प्लास्टिकची किंवा लेदर चढवलेली मूठ साधारण ८० ते १५० ग्रॅमची असते. बदली मुठी बहुधा स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या आणि २०० ते ५०० ग्रॅमच्या. अशा मुठीने गिअर न अडखळता, सलग पडल्यासारखा वाटतो. दांड्याचा पल्ला मात्र तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर शॉर्ट शिफ्टर हा वेगळा भाग लागतो.

फरक कुठे पडतो : गिअरबॉक्समधल्या शिफ्ट रॉडला (गिअर बदलताना सरकणाऱ्या सळईला) खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेला छर्रा त्या खाचेत बसलेला असतो. गिअर टाकताना छर्रा एका खाचेतून वर चढतो आणि पुढच्या खाचेत उतरतो. हाताला जाणवणारा ‘खट्’ तो हाच. जड मूठ एकदा हलायला लागली की तिच्या गतीतली ऊर्जा या चढावर कामी येते. मूठ सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकत असेल, तर १०० ग्रॅमच्या मुठीत ०.०१२५ ज्यूल आणि ४०० ग्रॅमच्या मुठीत ०.०५ ज्यूल ऊर्जा असते. ती ५ मिलिमीटरच्या चढावर खर्च झाली, तर सरासरी जोर अनुक्रमे अडीच आणि १० न्यूटन भरतो. १० न्यूटन म्हणजे जवळजवळ एक किलोचा दाब. गिअर टाकायला लागणाऱ्या एकूण श्रमापुढे हे थोडेच, पण मदत मिळते ती नेमकी हात अडखळतो त्या जागी, म्हणून फरक कळतो. हळू हाताने गिअर टाकणाऱ्याला तो फारसा कळणार नाही, कारण वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाई होते.

सिंक्रो रिंगवर, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्यावर, या वजनाचा उपाय चालत नाही. शाफ्ट आणि गिअर यांचे वेग जुळेपर्यंत रिंग स्लीव्हला (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या भागाला) अडवून धरते, आणि वेग जुळायला लागायचा तो वेळ लागतोच. त्यामुळे दुसरा गिअर टाकताना ‘खर्र’ होत असेल, क्लच पूर्ण सुटत नसेल, लिंकेजचे (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश झिजले असतील किंवा गिअर ऑइल जुने झाले असेल, तर आधी ते काम करून घ्यावे. मुठीवर पैसे घालून गिअरबॉक्स बरा होत नाही. दांडा केबलने गिअरबॉक्सला जोडलेल्या बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच गिअरबॉक्सवरच्या सिलेक्टर लिव्हरला लोखंडी वजन दिलेले असते. तिथे जड मुठीचा फरक कमी जाणवतो.

वजन किती : रोजच्या गाडीला २०० ते ३०० ग्रॅम पुरेसे. विकत घेण्याआधी टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगची चिकट वजने आणावीत. त्यांचे तुकडे ५ आणि १० ग्रॅमचे असतात. १० ग्रॅमचे १५ तुकडे मूळ मुठीभोवती लावून वरून टेप गुंडाळली, की दोन दिवसांत अंदाज येतो. नंतर न्यूट्रलमध्ये दांडा डावीकडे दाबून सोडून पाहावा. तो आपोआप मधल्या फळीत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत यायला हवा. रेंगाळला किंवा झुलत राहिला तर वजन जास्त झाले.

मुठीची उंचीही वजनाइतकीच महत्त्वाची. मूठ दांड्यावर उंच बसली तर जोर कमी लागतो पण हात लांब न्यावा लागतो. खाली बसली तर उलट. पुष्कळदा लोक ज्याला वजनाचा परिणाम समजतात तो उंचीचा असतो.

धातू आणि ऊन : मराठवाड्यात या मुठीची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. परभणी, नांदेड, बीडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत तो ६० च्याही पुढे. उघड्या स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मुठीला तेव्हा हात लावता येत नाही. परभणीच्या थंडीत पहाटे तीच मूठ बर्फासारखी लागते. आत स्टील आणि बाहेर डेलरिन (एक टणक प्लास्टिक) किंवा लेदर असलेली मूठ इकडे सोयीची. नाहीतर गाडी लावताना मुठीवर जाड रुमाल टाकावा.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा भागात लेथवर मूठ कातून घेता येते. ४५ मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस गोळा सुमारे ३७५ ग्रॅम भरतो, पितळेचा ४०५, ॲल्युमिनियमचा अवघा १३०. आट्यांसाठी छिद्र पाडल्यावर स्टीलच्या गोळ्यातून १५ ते २० ग्रॅम जातात. ४० मिलिमीटरचा स्टीलचा गोळा २६५ ग्रॅमच्या आसपास, आणि लहान हाताला तोच बरा.

बसवणे : आधी आटे मोजावेत (व्यास × दोन आट्यांतले अंतर). होंडाच्या गाड्यांत बहुधा १० × १.५ आणि टोयोटाच्या अनेक गाड्यांत १२ × १.२५ मिलिमीटर असतात. १२ × १.२५ साठी १०.८ चे ड्रिल मारून मग आटे पाडणारा टॅप फिरवतात. अंदाजाने घेतलेली मूठ दोन फेऱ्यांनंतर घट्ट होऊ लागली तर तिथेच थांबावे. जबरदस्ती केली की दांड्याचे आटे जातात आणि दांडा बदलणे महागात पडते. काही गाड्यांत दांडा गुळगुळीत असतो आणि मूठ दाबून किंवा क्लॅम्पने बसवलेली असते. दाबून बसवलेली मूठ सरळ वर ओढून निघते, पण सुटताना झटक्याने येते, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. अशा दांड्याला ग्रब स्क्रूचा (बिनडोक्याच्या, बाजूने आवळायच्या स्क्रूचा) ॲडॅप्टर लागतो, आणि तो ढिला होऊ शकतो. स्क्रूला निळे थ्रेडलॉक लावावे. रिव्हर्ससाठी रिंग उचलावी लागत असेल तर नवी मूठ रिंगच्या वाटेत येत नाही ना, हे पाहावे. मुठीवरचा गिअरचा नकाशा तिरका राहिला तर मुठीखाली चेकनट (मूठ जागी धरणारा नट) घालून तो सरळ करतात.

काय बिघडते : काळ्या मातीवरचे रस्ते फुगून-खचून लाटा धरतात. तिथे किंवा कन्नडच्या औट्रम घाटात उतरताना जोरात ब्रेक लागला, की ४०० ग्रॅमची मूठ पुढे सुमारे ३ न्यूटनने ओढते. १०० ग्रॅमची एक न्यूटनहूनही कमी. दुसरा आणि चौथा गिअर मागच्या बाजूला असतात, त्यामुळे ही ओढ त्यांना न्यूट्रलकडे नेते. छर्‍याची स्प्रिंग धड असेल तर काही होत नाही. जुन्या, दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत मात्र गिअर सटकू शकतो. तिथे मूळ हलकी मूठच ठेवावी.

दांडा थेट गिअरबॉक्सवर असलेल्या गाड्यांत जड मूठ हाताला येणारी बारीक थरथर कमी करते. पण दांड्याची स्वतःची कंपनसंख्या खाली येते, त्यामुळे डिझेल इंजिनाच्या आयडलिंगला दांडा पूर्वीपेक्षा जास्त हलतो असेही होते. अशा वेळी ५० ग्रॅम कमी-जास्त करून पाहावे. गाडी चालवताना मुठीवर हात टेकवून ठेवण्याची सवय या मुठीने वाढते, कारण ती हातात छान बसते. हाताचा तो सततचा दाब मुठीच्या वजनापेक्षा किती तरी जास्त असतो आणि गिअरबॉक्समधला, स्लीव्ह सरकवणारा सिलेक्टर फोर्क झिजवतो.