घरच्या माणसासाठी शुश्रूषा केंद्र बघताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून कॉट, एअर मॅट्रेस, कमोड खुर्ची भाड्याने नेणाऱ्या घरांमधून काही महिन्यांनी हमखास फोन येतो, "आता घरी झेपत नाही. सांगली-मिरजेत चांगलं केंद्र कोणतं?" नाव आम्ही सांगत नाही. काही केंद्रांना आमचंच साहित्य जातं, त्यामुळे आमच्या शिफारशीवर तुम्ही विसंबू नये हेच बरं. पण साहित्य पोचवायला आणि दुरुस्तीला आत-बाहेर करताना काय बघायचं ते कळत गेलं, ते इथे लिहितो.

पहिल्या फोनवरच एक विचारून घ्या: पडून असलेला पेशंट घेता का, आणि आज काठी टेकत चालणारा माणूस उद्या अंथरुणाला खिळला तर ठेवून घेता का? बरेच वृद्धाश्रम फक्त हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. तिथे आईला ठेवलं आणि सहा महिन्यांनी खुबा मोडला, तर "घेऊन जा" असा निरोप येतो. त्यात त्यांची चूक नसते, तुम्हीच विचारलेलं नसतं.

पाठ, टाचा आणि गादी

बाग, देवघर, टीव्हीचा हॉल हे सगळं तुम्हाला दाखवतातच. तुम्ही पडून असलेल्या पेशंटच्या खोलीत चला. दुसऱ्याचं पांघरूण उचलून बघू नका, पण जे दिसतं ते पुष्कळ असतं: नखं कापलेली आहेत का, दाढी केलेली आहे का, पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय की खिडकीत. फिनाईलचा उग्र वास आला तर दुपारी पुन्हा या. तेव्हा लघवीचा वास आला तर सकाळचं फिनाईल कशासाठी होतं ते कळेल.

मग विचारा, "आत्ता कुणाला बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, आहे का?" "आमच्याकडे कध्धीच होत नाही" असं कुणी म्हणालं तर आम्हाला शंका येते. "दोघांना आहे, एक घरूनच घेऊन आला, ड्रेसिंग एक दिवसाआड करतो" असं सांगणारं केंद्र जास्त विश्वासाचं. माकडहाड, खुबे आणि टाचा या तीन जागी जखम आधी होते. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि त्याची वेळ मांडलेला कागद कॉटला अडकवलेला असावा. कागदावर सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसल्या तर समजून जा.

एअर मॅट्रेसबद्दल आम्ही जरा जास्त बोलणार, धंदाच तो आहे. ही गादी कूस बदलण्याचं काम करत नाही, फक्त जोडीला असते. तिचा पंप चालू आहे का, बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावलंय का, बघा. गादीवर जाड रबरी शीट आणि वर दोन गोधड्या टाकल्या की गादीचा उपयोग संपला. हे आम्ही घराघरांत बघतो आणि केंद्रांतही. पेशंटच्या माकडहाडाखाली, हवेच्या गादीच्या खालून तळहात घालून बघा. हाड हाताला थेट लागलं तर हवा कमी आहे.

तुमचं माणूस तिथे राहायला गेल्यावर दर भेटीत पाठ स्वतः बघा. लाल डाग बोटाने दाबूनही पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, जागा काळपट-जांभळट होते किंवा हाताला गरम, कडक लागते. डागावर चोळून मालीश करू देऊ नका.

रात्र

दिवसा सिस्टर, मावशी, मामा सगळे असतात. रात्री दोन वाजता जागं कोण असतं, ते कितीजणांना बघतं आणि त्यात जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचं शिक्षण) झालेलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेलं कुणी आहे का, हे मालकाला नको, मावशींना विचारा. खरं उत्तर तिथेच मिळतं. मावशी किती वर्षांपासून आहेत तेही विचारा. दर महिन्याला माणसं बदलत असतील तर पेशंटच्या सवयी कुणालाच ठाऊक नसतात.

रात्रीच्या गोळीचं नाव आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागा. विसराळूपणाचा आजार असलेला माणूस रात्री ओरडतो, उठून चालायला लागतो. त्याला गुंगीत ठेवणं किंवा हात कॉटला बांधणं हा सोपा मार्ग. "अशा वेळी तुम्ही काय करता?" या प्रश्नावर अडखळणारं केंद्र आम्ही आमच्या माणसासाठी घेणार नाही.

नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच ठेवतात ना, हे जेवणाच्या वेळी जाऊन बघा. आडवं ठेवून भरवलं तर अन्न फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, फरशीवर लोळणारी नको. तोंडाने जेवणाऱ्यांना शाळूची भाकरी आमटीत कुस्करून, मऊ करून देतात का? कवळी काढून डबीत ठेवलेली आणि विसरलेली आम्ही पाहिली आहे.

कागद आणि पैसे

भिंतीवरचं धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र म्हणजे संस्था न्यासाची आहे एवढंच. शुश्रूषा कशी चालते याच्याशी त्याचा संबंध नाही. महिन्याच्या रकमेत डायपर, ड्रेसिंग, डॉक्टरांची फेरी, फिजिओथेरपी धरली आहे का, हे लिहून घ्या. बिल फुगतं ते इथेच. डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार, महिना अर्धवट राहिला तर काय, हेही पावतीवर हवं. मेडिक्लेम किंवा सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतं, केंद्राच्या महिन्याच्या खर्चाला नाही.

तब्येत बिघडली तर मिरजेला न्यायचं की सांगलीच्या सिव्हिलला, सोबत कोण जाणार, १०८ ला फोन कोण करणार, हे आधी ठरवा. मुलं पुण्यात किंवा परदेशात असतील तर जवळच्या कुणाचा तरी नंबर द्या. अचानक डोकावणारी आत्या किंवा मावसभाऊ दहा व्हिडिओ कॉलपेक्षा कामाचे.

सांगलीत पुराचं विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २०२१ ला पुन्हा शहरात शिरलं. त्या वेळी या इमारतीत पाणी होतं का? पेशंट कुठे, कशातून हलवले? वीज गेली तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि गादीचे पंप कशावर चालतात? वरच्या मजल्यावर केंद्र असेल तर कॉट किंवा स्ट्रेचर बसेल अशी लिफ्ट आहे का? जिन्यावरून खुर्ची उतरवताना चौघे लागतात.

तक्रार असेल तर आधी केंद्रात लेखी द्या. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. आई-वडिलांच्या चरितार्थाबद्दल वाद असेल तर २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

केंद्र ठरलं की आम्हाला कळवा. बहुतेक ठिकाणी कॉट त्यांचीच असते, आमची तिकडे नेऊ नका. आमची मुलं घरून उचलून नेतील आणि उरलेल्या दिवसांचं भाडं वळतं करून देऊ. एअर मॅट्रेस मात्र केंद्राला चालत असेल तर सोबत पाठवा, आणि पंपावर पेशंटचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवा. नाहीतर ती दुसऱ्या कॉटवर जाते.