छातीवर कोणी बसत नाही

शेजारचा बारावीतला मुलगा ऐन परीक्षेच्या दिवसांत एका पहाटे जागा झाला. भिंतीवरचे घड्याळ त्याला दिसत होते, स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. पण हात उचलेना, तोंडातून शब्द फुटेना आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटत होते. मिनिटभरात सारे पूर्ववत झाले. त्या रात्री आजीने त्याच्या उशाखाली विळा ठेवला. झोपेत त्यावर हात पडला नाही म्हणजे मिळवली. कारण ज्याचा बंदोबस्त करायचा, ते खोलीत नसून मेंदूच्या बुडाशी असते.

या अनुभवाला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. साधारणपणे शंभरातल्या आठ जणांना तो आयुष्यात एकदा तरी येतो. तो समजून घ्यायचा तर झोपेत मेंदू स्वस्थ पडून असतो, हा समज आधी सोडला पाहिजे. शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसरिन्स्की या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड लावून त्याची झोप नोंदवली, तेव्हा मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे मधूनमधून वेगाने फिरताना आढळली. नथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह त्याने १९५३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या अवस्थेला ‘आरईएम’ (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळ्यांची जलद हालचाल) झोप असे नाव रूढ झाले. ठसठशीत स्वप्ने बहुतांशी याच झोपेत पडतात. पुढे फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल जूव्हे या मेंदूसंशोधकांना असे दिसले की, या काळात मांजराचा मेंदू जागेपणीइतका सक्रिय असतो, मात्र मानेचे स्नायू पूर्ण सैल पडलेले असतात.

हे सैल पडणे म्हणजे नुसता थकवा नव्हे, तर मेंदूने लावलेले कुलूप आहे, आणि ते लागते कसे हा मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठातल्या, ‘पाँस’ या भागात चेतापेशींचा एक छोटा समूह आरईएम झोपेत जागा होतो. त्याचे संदेश खाली लंबमज्जेत (याच देठाच्या तळच्या भागात) आणि मज्जारज्जूत पोहोचतात व तिथल्या पेशी स्नायू हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशींवर ग्लायसिन आणि गाबा ही दमनकारी रसायने सोडतात. ग्लायसिनमुळे पेशीच्या पटलातील क्लोराइडची दारे उघडतात, ऋणभारित कण आत शिरतात, आतला विद्युतदाब आणखी ऋण होतो आणि वरून आलेली ‘पळ’ ही आज्ञा पेशीला पेटवण्यास अपुरी पडते. टोरांटो येथील ब्रूक्स आणि पीव्हर यांनी २०१२ मध्ये उंदरांच्या जबड्याच्या स्नायूंवर दाखवून दिले की, या रसायनांचा एखादाच ग्राही, म्हणजे पेशीवरची त्यांना टिपणारी जागा, बंद करून कुलूप निघत नाही. गाबाचे दोन्ही प्रकारचे ग्राही आणि ग्लायसिनचा ग्राही एकाच वेळी बंद करावे लागतात.

डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल (छाती व पोट यांमधला, श्वास ओढणारा स्नायूंचा पडदा) यांना या कुलुपातून सूट असते. त्या मुलाच्या बाबतीत जाग आधी आली आणि कुलूप मागाहून उघडले. श्वासपटल काम करत होते, पण बरगड्यांमधले स्नायू सैल असल्याने मुद्दाम दीर्घ श्वास घेऊ पाहताच छाती उचलेना; ‘कोणीतरी बसले आहे’ ते हेच. आरईएम झोपेत मेंदूतला भीतीशी निगडित भाग, अमिग्डाला, हाही सक्रिय असतो, म्हणून काळोखातल्या त्या पाहुण्याला चेहरासुद्धा मिळतो. अपुरी किंवा अवेळी झोप आणि उताणे झोपणे यांमुळे असे प्रसंग वाढतात. परीक्षेच्या महिन्यात तिन्ही गोष्टी जमून येतात, त्याचे खापर मात्र पिंपळावर फुटते.

उलट प्रकारही घडतो. जूव्हे यांनी मांजरांच्या पाँसमधला विशिष्ट भाग निकामी केला, तेव्हा ती गाढ झोपेत उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांत कुलूप असे बिघडले की झोपलेला मनुष्य स्वप्नातल्या चोराला लाथ मारतो आणि ती शेजारी झोपलेल्या पत्नीला बसते. उतारवयात हे सुरू झाल्यास हसण्यावारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण अशा अनेक रुग्णांत काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या कुळातला आजार उघड होतो.