कॅन्सर उपचारांसोबतच्या पूरक थेरपी

केमो, रेडिएशन, ऑपरेशन चालू असताना पेशंटचा त्रास कमी व्हावा आणि कोर्स अर्धवट सोडायची पाळी येऊ नये म्हणून जोडीला जे काही करतात त्याला पूरक थेरपी म्हणतात, म्हणजे योग, अ‍ॅक्युपंक्चर, फिजिओ, समुपदेशन, आहार वगैरे. यांनी गाठ विरघळत नाही, आणि तसं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून सरळ उठावं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये यासाठी 1999 पासून वेगळा विभाग आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय बर्फाचा. 5-एफयू हे केमोचं औषध शिरेतून एकदम देतात तेव्हा नंतर तोंड सोलवटतं, वरणभातसुद्धा झोंबतो. म्हणून इंजेक्शनच्या 5 मिनिटं आधीपासून साधारण अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे फिरवत ठेवायचे, गारव्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तोंडाच्या आतल्या त्वचेपर्यंत कमी पोचतं, शिवाय ते रक्तातून लवकर उतरतं त्यामुळे तेवढा वेळ पुरतो. तेच औषध पंपाने दोन दिवस चालणार असेल तर मात्र उपयोग नाही, आणि सोबत ऑक्सालीप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध असेल तर बर्फ नकोच, कारण त्यात गार पाण्याच्या घोटानेही घशात मुंग्या येतात.

मळमळीवर आल्याचा थोडा फायदा दिसलाय, पण उलटीच्या गोळ्या चालू ठेवूनच. योगाने थकवा आणि झोप सुधारते. मणक्यात कॅन्सर पसरला असेल तर पुढे वाकायची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

खरी गडबड होते ती 'जोडीला'चं 'ऐवजी' झालं की. अमेरिकेतल्या नोंदींवरून 2018 साली छापलेल्या एका अभ्यासात, बरा होण्यासारखा कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला.

आपल्याकडे नातेवाईक प्रेमाने गुळवेल, गव्हांकुराचा रस, हळदीच्या कॅप्सूल आणून देतात आणि डॉक्टर ओरडतील म्हणून पेशंट गप्प बसतो. गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापल्या होत्या (आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही), आणि केमोत लिव्हरवर आधीच ताण असतो. पांढऱ्या पेशी घसरल्या असतील तर कच्च्या रसातून इन्फेक्शनची भीती. भाजी-आमटीतली हळद चालते, कॅप्सूल विचारून.