हाताचा वेग आणि लक्षाचा हिशेब

संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठल्याही गेमिंग कॅफेत बसा, एक वाद हमखास पेटतो. तळ उभारून, फौज जमवून लढायचा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम जिंकतो कोण? ज्याचं डोकं चालतं तो, की ज्याची बोटं चालतात तो? मला विचाराल तर दोन्ही बाजू एकाच दोरीची दोन टोकं ओढताहेत, आणि ती दोरी म्हणजे लक्ष.

या खेळात बुद्धिबळासारखी पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरच्याचं काम चालूच राहतं. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये टाउन सेंटरमधून, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीतून, एक व्हिलेजर (लाकूड-धान्य आणणारा कामकरी) तयार व्हायला साधारण २५ सेकंद लागतात. सीमेवर चकमक सुरू झाली, ती निस्तरण्यात मिनिट गेलं आणि व्हिलेजर लावायचा राहिला, तर दोन माणसं कमी पडली. शिवाय ती दोघं पुढे गेमभर जे लाकूड आणि धान्य आणणार होती, तेही गेलं. मुरलेला खेळाडू ऐन लढाईत डाव्या हाताने ‘एच’ दाबून टाउन सेंटर निवडतो, व्हिलेजर लावतो आणि पुन्हा लढाईत असतो.

आपलं मन एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतं. एखादी कृती हजारदा केली की ती अंगवळणी पडते आणि तिच्यावर वेगळं लक्ष खर्च होत नाही. सरावाने हात जलद होतात, पण खरी कमाई म्हणजे डोकं मोकळं होतं. एपीएम, म्हणजे मिनिटाला दिलेल्या कमांड, व्यावसायिकांच्या ३०० च्याही पुढे जातात. त्यात निव्वळ हात गरम ठेवण्यासाठी मारलेले क्लिकही पुष्कळ असतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून खेळ कळत नाही.

मोकळं झालेलं लक्ष कुठे लावायचं? माझ्या मते पहिला मान स्काउटिंगचा, म्हणजे समोरचा काय करतोय याची खबर काढण्याचा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांचं मुख्य सैन्य बाहेर होतं. घाईघाईत गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशीही हकीकत सांगतात. गड बळकटच होता, कमी पडली ती खबर आणि साठ्याची मोजदाद.

निव्वळ वेगाने काय साधतं, हे डीपमाइंड या एआय कंपनीच्या ‘अल्फास्टार’ने दाखवलं. ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या या प्रोग्रॅमने डिसेंबर २०१८ मध्ये टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिकांना प्रत्येकी ५-० ने हरवलं. त्याचा सरासरी एपीएम मानापेक्षा कमीच होता. पण ऐन लढाईत तो काही क्षण १,५०० पर्यंत उसळायचा, तेही अचूक, आणि नकाशाचा दिसणारा सगळा भाग त्याला कॅमेरा न हलवता एकदम कळायचा. माणसाला हे अशक्य, म्हणून टीका झाली आणि ती रास्त होती. जानेवारी २०१९ च्या थेट सामन्यात त्याला कॅमेरा हलवून खेळावं लागलं. मानाने एका वाहक यानातून मोजकं सैन्य त्याच्या तळावर उतरवलं, धोका दिसताच उचललं, परत उतरवलं. दरवेळी अल्फास्टारची फौज माघारी धावली. तेवढ्या वेळात मानाने आपली फौज उभी केली आणि सामना जिंकला. पुढे अल्फास्टारला ५ सेकंदांत २२ कमांडची मर्यादा घातली, तरी तो ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर पोहोचला. म्हणजे वेगाला लगाम घालूनही त्याच्या निर्णयांत दम होता.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ च्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंचे गेम तपासले. स्क्रीनवर नवी जागा दिसल्यापासून पहिली कमांड देईपर्यंतचा वेळ २४ व्या वर्षापासूनच वाढू लागतो, आणि खेळात कितीही मुरलेला असला तरी ही घसरण थांबत नाही. तरी मोठ्या वयाचे खेळाडू तरुणांच्या बरोबरीने त्याच लीगमध्ये, म्हणजे त्याच कौशल्याच्या गटात, टिकून होते. ते डावपेच सोपे ठेवत आणि हॉटकीसारख्या (एका बटणात कमांड देणाऱ्या) सोयी जास्त नेटाने वापरत, असं संशोधकांना दिसलं.