तबेल्यात तडकलेली काडतुसं

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या मोहिमा पावसाळ्यात थंडावत. काडतुसांच्या पेट्या भिजू नयेत म्हणून तबेल्यांत रचून ठेवल्या जात. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर आतल्या काडतुसांच्या कित्येक पितळी पुंगळ्यांना (दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या नळकांड्यांना) चिरा पडलेल्या. ना कोणी हात लावलेला, ना एक बार काढलेला! (१८५७चं ते कुप्रसिद्ध काडतूस यातलं नव्हे, ते कागदाचं होतं.)

या तडकण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं, पण त्याचा उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दोन गुन्हेगार पकडले. एक, घोड्यांच्या मुतातून हवेत मिसळणारा अमोनिया. दुसरा पुंगळीच्या अंगातच दडलेला ताण.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पत्र्याची चकती कापून तिची वाटी करायची आणि ती वाटी साच्यांतून पुन्हा पुन्हा दाबून लांबवायची, की पुंगळी तयार होते. हे सगळं पितळ थंड असताना. ठोकलेला किंवा ओढलेला धातू कडक होत जातो, हे पुण्याच्या तांबट आळीतल्या कोणत्याही कारागिराला ठाऊक असतं. म्हणून तो मधूनमधून भांडं भट्टीत लालसर तापवून मऊ करून घेतो. कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये हेच करतात. पण शेवटच्या ओढीचा ताण धातूत तसाच राहतो, दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा. अमोनिया, ओल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पितळेतलं तांबं विरघळू लागतं. ताणलेल्या पितळेत हा हल्ला धातूच्या कणांमधल्या सांध्यांवर होतो. सांधा सुटतो, ताण चीर उघडतो, अमोनिया आणखी आत शिरतो. ताण नसेल तर पितळ फार तर डागाळेल. अमोनिया नसेल तर ताण वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहील. उपायही त्यातूनच निघाला. तयार पुंगळी सुमारे २५० अंश सेल्सिअसला थोडा वेळ तापवली की कडकपणा फारसा न घालवता ताण उतरतो.

ही जुनी गोष्ट आज आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेत, फिनलंडमध्ये आणि इतरत्र वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणारे हजारो नेमबाज. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा आपण फक्त रसायनशास्त्र पाहू. बार उडतो तेव्हा पुंगळी फुगून बंदुकीच्या नळीच्या मागच्या खोबणीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच थोडी आकसते. पुन्हा भरण्याआधी ती साच्यात दाबून मूळ मापाला आणावी लागते. म्हणजे दर फेरीला तोच खेळ: फुगणं, दबणं, कडक होणं. सर्वाधिक सोसते ती मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं तोंड, आणि बहुधा चीरही तिथेच जाते. म्हणून काही फेऱ्यांनंतर फक्त मान तापवून मऊ करतात. बुडाला मात्र ती आच लागता कामा नये. स्फोटाचा दाब तिथेच झेलायचा असतो आणि मऊ बूड जीवघेणं ठरू शकतं.

आता धुण्याघासण्याचं. सर्वांत सोपी रीत कोरडी: अक्रोडाच्या कवचांचा भरडा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा चुरा फिरत्या डब्यात पुंगळ्यांसोबत घालून काही तास घोळवणं. चमक छान येते, पण धूळ वाईट. काडतुसाच्या टोपीतल्या (बुडातल्या, घाव बसताच पेटणाऱ्या छोट्या वाटीतल्या) स्फोटकात बहुधा शिशाचं संयुग असतं आणि ते शिसं त्या धुळीत उतरतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हा डबा फिरवणाऱ्यांना माझ्या मते शिशाची भीती पुरेशी नसते. ओल्या रीतीत पाणी, साबण, स्टीलच्या बारीक सळ्या आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल असतं. आम्ल ऑक्साइडचा काळपट थर विरघळवतं. आपण समई चिंचेने घासतो त्यामागचं रसायनही हेच. चिंच जास्त वेळ राहिली की समई गुलाबी पडते, तशीच पुंगळीही पडते: पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं.

धोका लखलखाटाच्या हावेत असतो. पितळ चमकवण्याच्या काही बाजारी पॉलिशमध्ये अमोनिया असतो. समईला त्याने सहसा काही होत नाही. पण वारंवार फुगून दबलेल्या पुंगळीला ते चोळणं म्हणजे तिला पुन्हा त्या तबेल्यात नेऊन ठेवणं. चीर लगेच दिसेल असंही नाही.

गंमत म्हणजे लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा तशीच ठेवलेली असते. मान तापवल्याची ती खूण, तपासणाऱ्याला दिसावी म्हणून न पुसलेली. नवखा हौशी तिला मळ समजून घासत बसतो.