वेब ॲप्लिकेशन फायरवॉल : क्लाउडमधील वापर

वेब ॲप्लिकेशनकडे येणारी प्रत्येक एचटीटीपी विनंती (ब्राउझर सर्व्हरला पाठवतो तो निरोप) उघडून, तिच्यातला मजकूर तपासून, ती पुढे सोडायची की अडवायची हे ठरवणारी यंत्रणा. बोलण्यात तिला ‘वॅफ’ म्हणतात. नेहमीची नेटवर्क फायरवॉल किंवा क्लाउडमधला सिक्युरिटी ग्रुप आयपी पत्ता, पोर्ट आणि प्रोटोकॉल एवढेच पाहतो. वेबसाइट चालवायची तर ४४३ हे पोर्ट सगळ्या जगाला खुले ठेवावेच लागते आणि हल्लेही त्याच पोर्टमधून, रीतसर दिसणाऱ्या विनंतीच्या पोटात दडून येतात. त्यामुळे तपासणी नेटवर्कचे काम सात थरांत मांडणाऱ्या ओएसआय प्रारूपाच्या सातव्या थरावर, म्हणजे यूआरएल, हेडर (विनंतीसोबतची माहिती), कुकी आणि बॉडी (विनंतीचा मुख्य मजकूर) वाचून करावी लागते.

ही कल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचा खरा प्रसार मात्र २००२ मध्ये इव्हान रिस्टिच यांनी अपाची वेब सर्व्हरसाठी लिहिलेल्या ‘मॉडसिक्युरिटी’ या मुक्तस्रोत मॉड्यूलमुळे झाला. त्याच्यासोबत वापरला जाणारा ‘कोअर रूल सेट’ हा नियमसंच ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या छत्राखाली वाढला. २०२४ मध्ये खुद्द मॉडसिक्युरिटीही ओवॅस्पकडे आले. ॲमेझॉनने २०१५ मध्ये आपल्या एडब्ल्यूएस या क्लाउडवर एडब्ल्यूएस वॅफ सुरू केले. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचे वॅफ, गूगलचे क्लाउड आर्मर, क्लाउडफ्लेअर, अकामाय यांच्या सेवाही याच प्रकारच्या आहेत. अझूर आणि गूगल यांचे तयार नियम बऱ्याच अंशी कोअर रूल सेटवर बेतलेले आहेत, म्हणून तो एक नियमसंच नीट कळला की बाकीच्या सेवा समजायला वेळ लागत नाही. कार्ड व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस या मानकाच्या चौथ्या आवृत्तीने सार्वजनिक वेब ॲप्लिकेशनपुढे अशी स्वयंचलित यंत्रणा असणे ३१ मार्च २०२५ पासून सक्तीचे केले.

क्लाउडमध्ये वॅफ बहुधा वेगळ्या सर्व्हरवर बसवत नाहीत. ते सीडीएनच्या (मजकूर वापरकर्त्याजवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या जाळ्याच्या) टोकाशी, विनंत्या अनेक सर्व्हरवर वाटणाऱ्या लोड बॅलन्सरवर किंवा प्रोग्रॅमांच्या विनंत्या घेणाऱ्या एपीआय गेटवेवर जोडतात. याचे कारण टीएलएस, म्हणजे वेबवरची वाहतूक कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल. कूटबद्ध विनंती उलगडल्याशिवाय वाचता येत नाही आणि ती जिथे उलगडते तिथेच तपासणी बसवणे सोयीचे असते.

नियमांचे काम एका उदाहरणावरून पाहता येईल. लॉगिन फॉर्मच्या नावाच्या रकान्यात कोणी एकेरी अवतरणचिन्ह, त्यापुढे ‘किंवा १=१’ अशा अर्थाची, डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतली अट आणि शेवटी टिप्पणीची दोन आडवी चिन्हे (ज्यांच्यापुढचे डेटाबेस वाचत नाही) टाकली, तर निष्काळजीपणे लिहिलेला कोड ती सगळी ओळ डेटाबेसला आज्ञा म्हणून देतो. अट नेहमीच खरी ठरत असल्याने पासवर्डाशिवाय प्रवेश मिळतो. वॅफ आधी यूआरएल एन्कोडिंग (चिन्हांऐवजी % ने सुरू होणारे संकेत लिहिण्याची पद्धत) उलगडते, गरजेप्रमाणे लहान-मोठी इंग्रजी अक्षरे एकाच आकारात आणते आणि मग तुलना करते. कोअर रूल सेट इथे केवळ शब्द शोधत नाही. लिबइंजेक्शन नावाची लायब्ररी त्या मजकुराचे एसक्यूएलसारखे तुकडे पाडून त्यांचा क्रम ओळखीच्या हल्ल्यांशी जुळतो का ते पाहते. जुळलेल्या प्रत्येक नियमाचे गुण विनंतीच्या खात्यावर जमा होतात : गंभीर नियमाचे ५, त्याखालोखाल ४, ३ आणि २. मूळ मांडणीत येणाऱ्या विनंतीची मर्यादा ५ असते, म्हणजे एक गंभीर नियम जुळला तरी विनंती अडते आणि पाठवणाऱ्याला ४०३ (‘प्रवेश नाही’) हे उत्तर जाते.

वॅफची सारी ताकद एका गोष्टीवर टिकून असते : विनंती जशी ॲप्लिकेशन वाचते तशीच ती वॅफनेही वाचली पाहिजे. दोघांच्या वाचनात फरक पडला की त्या फटीतून हल्ला आत शिरतो. वॅफने एकदाच डीकोड केले आणि मागच्या कोडने दोनदा केले, तर दुहेरी एन्कोड केलेले अवतरणचिन्ह सुखरूप पोहोचते. डिसेंबर २०२१ मध्ये, जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या लॉग४जे लायब्ररीतला ‘लॉग४शेल’ दोष उघड झाला तेव्हा वॅफ पुरवठादारांनी फार लवकर नियम काढले, पण हल्लेखोरांनीही तेवढ्याच वेगाने हल्ल्यातल्या कळीच्या शब्दाची अक्षरे लॉग४जेच्याच आतल्या रूपांतरांत गुंडाळून पाठवायला सुरुवात केली. लॉग४जे ती उलगडत होते, सुरुवातीच्या नियमांना ती ओळखू येत नव्हती. २०२२ च्या अखेरीस क्लॅरोटी या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवले, की जेसन या माहिती मांडण्याच्या स्वरूपाची वाक्यरचना डेटाबेस कधीच शिकले असले तरी अनेक मोठ्या कंपन्यांच्या वॅफना ती एसक्यूएलचा भाग म्हणून माहीत नव्हती; तशी रचना आधी जोडली की पुढचा हल्ला दिसत नसे. त्या कंपन्यांनी नंतर दुरुस्ती केली. तरीही कोणत्याही नियमसंचाचे मोल यावरूनच करावे, की आपल्या ॲप्लिकेशनचे वाचन त्याला किती कळते.

बॉडीच्या आकाराची मर्यादा ही याच फटीची एक उपेक्षित बाजू आहे. एडब्ल्यूएसमध्ये ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरवर बसवलेले वॅफ बॉडीचे पहिले ८ केबी तपासते. क्लाउडफ्रंट (ॲमेझॉनचे सीडीएन) आणि एपीआय गेटवेसाठी ही मर्यादा मुळात १६ केबी असून ६४ केबीपर्यंत वाढवता येते. त्यापुढच्या मजकुराचे काय करायचे हे नियम लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. ‘पुढे चालू द्या’ हा पर्याय निवडला, तर सुरुवातीला निरुपद्रवी भरताड घालून हल्ला ८ केबीच्या पलीकडे ठेवता येतो. मराठीत काम करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेतो आणि साध्या फॉर्ममधून एन्कोड होऊन जाताना त्याचे ९ बाइट होतात. म्हणजे जेमतेम ९०० वर्णांतच ८ केबी संपतात. एखादी मध्यम लांबीची तक्रार किंवा अभिप्राय एवढा सहज भरतो. अशा ठिकाणी ‘मोठी बॉडी थेट अडवा’ हा नियम लावला तर खऱ्या वापरकर्त्यांनाच दार बंद होते. म्हणून लांब मजकूर घेणारे मोजके मार्ग वेगळे काढून त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहिणे हाच रास्त उपाय.

लिपीचा प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. कोअर रूल सेटमध्ये कडकपणाच्या १ ते ४ पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर निर्दोष विनंत्या क्वचितच अडतात. तिसऱ्या पातळीपासून मात्र मूळ आस्की संचाबाहेरचे (इंग्रजी अक्षरे, अंक आणि नेहमीची चिन्हे यांपलीकडचे) बाइट संशयास्पद मानणारा नियम जागा होतो. देवनागरी, तमिळ, अरबी अशा कोणत्याही लिपीतला मजकूर स्वीकारणाऱ्या संकेतस्थळाने ती पातळी तशीच लावली, तर साधे नाव भरणेही हल्ला ठरेल. त्या नियमाला त्या रकान्यांपुरता अपवाद द्यावा लागतो. सगळा नियमसंच बंद करणे किंवा पूर्ण मार्गच तपासणीतून वगळणे ही घाईत केली जाणारी आणि महागात पडणारी सवय आहे. अपवाद नेहमी एका नियमापुरता आणि एका रकान्यापुरता असावा.

विनंत्या वॅफमधूनच येतील याची खात्री करणे हे तितकेच महत्त्वाचे, तरी सर्वांत जास्त वेळा राहून जाणारे काम. वॅफ सीडीएनवर असते, पण मागच्या लोड बॅलन्सरचा सार्वजनिक पत्ता उघडाच राहतो. जुन्या डीएनएस नोंदी (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या) किंवा प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्या चाळून तो पत्ता शोधता येतो आणि मग वॅफला वळसा घालून थेट मूळ सर्व्हर गाठता येतो. सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त सीडीएनचेच पत्ते स्वीकारणे ही पहिली पायरी. ती एकटी पुरत नाही, कारण त्याच सीडीएनवर हल्लेखोरही आपले खाते उघडू शकतो. म्हणून सीडीएनने जोडलेले गुप्त हेडर मूळ सर्व्हरने पडताळावे. वापरकर्त्याचा आयपी सांगणाऱ्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरबाबतही हीच सावधगिरी लागते : त्याचा डावीकडचा भाग कोणीही वाटेल तसा लिहून पाठवू शकतो, त्यावर आयपी-बंदी किंवा विनंत्यांच्या संख्येची मर्यादा बेतली तर ती सहज चुकवता येते.

वॅफ हे स्वतः एक सॉफ्टवेअर आहे आणि सगळी वाहतूक त्याच्यातून जाते, याची किंमत २ जुलै २०१९ रोजी दिसली. क्लाउडफ्लेअरने वॅफचा एक नवा नियम एकाच वेळी जगभर लावला. त्यातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रात) ‘.*.*=.*’ अशी रचना होती. जुळणी न झाल्यास इंजिन पुन्हा पुन्हा मागे येऊन प्रत्येक शक्यता तपासत राहते आणि मजकूर वाढेल तसे काम भराभर फुगते. सर्व्हरचे सीपीयू पूर्ण व्यापले गेले आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे बंद पडली. तो नियम काहीही न अडवणाऱ्या चाचणी स्थितीत होता. तरीही तो प्रत्येक विनंतीवर चालवला जात होताच. त्याच वर्षी उघड झालेल्या कॅपिटल वन बँकेच्या माहितीचोरीत चुकीच्या रीतीने बसवलेले वॅफच वाट ठरले. त्याच्याकरवी क्लाउडच्या आतल्या १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा पत्त्यावर (जिथून सर्व्हरला स्वतःची माहिती आणि ओळखपत्रे मिळतात) विनंती पाठवली गेली, वॅफला दिलेल्या भूमिकेची (अधिकारसंचाची) तात्पुरती ओळखपत्रे मिळाली आणि त्या भूमिकेला गरजेपेक्षा जास्त अधिकार असल्याने साठवलेल्या फाइली वाचता आल्या. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्यात होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉनने मेटाडेटा सेवेची, आधी टोकन मागून घ्यावे लागणारी दुसरी आवृत्ती आणली.

काही दोष वॅफला दिसूच शकत नाहीत. लॉगिन केलेल्या ग्राहकाने वेबपत्त्यातला बिलाचा क्रमांक बदलला आणि दुसऱ्याचे बिल उघडले, तर त्या विनंतीत एकही वावगे अक्षर नसते. ते बिल कोणाचे हे फक्त ॲप्लिकेशनला ठाऊक असते.

नवा नियम आधी नुसत्या मोजणीवर ठेवतात. एडब्ल्यूएसमध्ये या स्थितीला काउंट आणि अझूरमध्ये डिटेक्शन म्हणतात. नियम कोणत्या विनंत्यांना लागला हे लॉगमध्ये वाचून, अपवाद लिहून मगच तो अडवण्याच्या स्थितीत नेतात. महिनाअखेरीसारखे क्वचित चालणारे व्यवहार या काळात येऊन जातील इतकी मुदत द्यावी. लॉगमध्ये विनंतीचे हेडर आणि नियमाला जुळलेला भाग जसाच्या तसा उतरत असल्याने त्यात सेशन टोकन (लॉगिन झाल्याची खूण) किंवा पासवर्डही सापडू शकतात. म्हणून असे रकाने लॉग लिहितानाच झाकावेत आणि लॉग वाचण्याचा अधिकार मोजक्याच लोकांना द्यावा.