दुसरेपणाची बायको आणि बंद घर : ‘रिबेका’ची पार्श्वभूमी

गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारी आणि एरवी कुलूप लावलेली घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला नवी नाहीत. मालक मुंबईला असतो, जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढते, परसात रान माजते, आणि त्या घराबद्दल गाव काही ना काही बोलत राहते. डॅफ्नी ड्यू मॉरिये यांच्या ‘रिबेका’ या १९३८ मधील कादंबरीच्या मुळाशी असेच एक बंद घर आहे.

लेखिकेचा जन्म १३ मे १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जेराल्ड हे नामवंत नट होते, तर आजोबा जॉर्ज हे ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार आणि ‘ट्रिल्बी’ कादंबरीचे लेखक होते. १९२६ मध्ये या कुटुंबाने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, फॉई नदीच्या मुखाजवळ, तरीच्या धक्क्याला लागून एक घर घेतले. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गेलेल्या वाचकाला त्या जागेचा अंदाज सहज यावा. तिथून जवळच झाडीत दडलेले मेनाबिली नावाचे मोठे घर होते. ते रॅशली घराण्याचे होते. मालक दुसरीकडे राहत आणि भिंती वेलींनी झाकून गेल्या होत्या. तरुण डॅफ्नी परवानगीवाचून त्या आवारात शिरत असे. १९३० मध्ये त्याच घराखालच्या खाडीत एक जहाज खडकांवर चढून फुटले, आणि कादंबरीतले रहस्य बाहेर येते तेही धुक्यात खडकावर चढलेल्या एका जहाजामुळेच. कादंबरीतल्या मँडर्ली या वाड्याला ही जागा मेनाबिलीने दिली. आतल्या दालनांचा थाट मात्र लहानपणी पाहिलेल्या मिल्टन या दुसऱ्याच एका वाड्यातून आला.

प्रत्यक्ष लेखन सुरू झाले ते समुद्रापलीकडे, १९३७ मध्ये, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. पती फ्रेडरिक ब्राउनिंग लष्करी अधिकारी होते आणि त्यांची नेमणूक तिथे होती. उकाड्याने त्रासलेल्या आणि कॉर्नवॉलच्या ओढीने अस्वस्थ झालेल्या लेखिकेने पहिले सुमारे १५,००० शब्द टाकून दिले आणि पुन्हा आरंभ केला. ब्राउनिंग यांचे लग्न आधी दुसऱ्या एका मुलीशी ठरून मोडले होते, आणि तिच्याविषयीचा मत्सर या कथेच्या बीजात होता. पुढे वाचकांनी ‘रिबेका’ला प्रेमकथा म्हणून डोक्यावर घेतले, परंतु लेखिकेच्या मते तो मत्सराचा अभ्यास होता, आणि माझ्या मते या वादात तीच बरोबर आहे.

आपल्याकडे दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक घालण्याची रीत होती. वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावाने केलेली ती प्रतिमा तिला शांत ठेवते, अशी समजूत होती. मँडर्लीत बिजवराच्या घरी आलेल्या नव्या नवरीला असा टाक कोणी देत नाही. त्याऐवजी रुमालावरचे पहिल्या बायकोच्या नावाचे अक्षर, लिहिण्याच्या टेबलावरची मांडणी आणि मिसेस डॅन्व्हर्स ही घर सांभाळणारी बाई, हे सगळेच तिच्या गळ्यात पडते. निवेदन करणाऱ्या या नवरीला कादंबरीभर स्वतःचे नावच नाही. आरंभी लेखिकेला नाव सुचले नाही आणि नंतर ते न देता लिहिणे हेच तिला तंत्राचे आव्हान वाटू लागले. परिणाम असा झाला की नाव फक्त मेलेल्या बाईला, म्हणजे पहिली बायको रिबेका हिला, उरले.

मोठे घर, अबोल यजमान आणि लपवलेला भूतकाळ हा साचा शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’पासून, म्हणजे १८४७ पासून चालत आला होता. ड्यू मॉरिये यांनी त्यातली भीती वाड्याच्या माळ्यावरून काढून निवेदिकेच्या मनात नेली. मानसशास्त्रीय रहस्यकथेच्या आरंभकर्त्यांत त्यांचे नाव घेतले पाहिजे, ते यासाठी. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे कोणी गुप्तहेर भेटत नाही. धागेदोरे जुळवते ती घाबरलेली मुलगीच, आणि तीही बहुतेक वेळा चुकीचे जुळवते. उलगडा येथे सांगणे वाचकावर अन्याय ठरेल.

या कादंबरीवरच्या आल्फ्रेड हिचकॉकच्या १९४० मधील चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. अमेरिकी चित्रपटांच्या नियमावलीमुळे रहस्याचा गाभा मात्र त्यात बदलावा लागला. १९६४ मधील बीरेन नाग दिग्दर्शित ‘कोहरा’ हा हिंदी अवतार. त्यात वहिदा रहमान नवी नवरी झाल्या, आणि घर सांभाळणाऱ्या दाईच्या भूमिकेत आपल्या ललिता पवार होत्या.

१९४३ मध्ये ड्यू मॉरिये यांनी मेनाबिली भाडेपट्ट्याने घेतले, पदरच्या पैशाने त्याची दुरुस्ती केली आणि पाव शतकाहून अधिक काळ तिथे संसार व लेखन केले. घर मात्र रॅशलींचेच राहिले. १९६९ मध्ये ते मालकांना परत देऊन त्या जवळच्या किलमार्थ येथे राहायला गेल्या. ते घरही रॅशलींच्याच मालकीचे होते.